रवणीला बसवलेल्या कोंबड्या: पेडण्यातल्या एका परसाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पेडणे तालुक्यातलं एक घर. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. घरच्यांनी हिशेबाची वही वापरायला दिली ती याच अटीवर. नात्याने मी या घरातल्या वहिनींचा चुलत दीर, आणि माझं काम वहीत आकडे लिहिण्याचं. कोंबड्या वहिनींच्या. कोंबड्यांबद्दलचा शेवटचा शब्द मात्र आजीचा.

परसात माड, काजू, एक जुना फणस आणि मागे डोंगराचा उतार. गावठी कोंबड्या सोळा, कोंबडे दोन. दिवसभर मोकळ्या फिरतात, संध्याकाळी खुराड्यात येतात. अंडी घरी लागतील तेवढी ठेवून उरलेली शेजारी आणि ओळखीच्या दोन-तीन ठिकाणी जातात, १२ रुपयांना एक. जास्त पैसा कोंबड्यात. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात गावठी कोंबडा नेला तर तो परत आणावा लागत नाही, आणि गावात राखणेसाठी, म्हणजे गाव राखणाऱ्या देवचाराला द्यायला, तांबडा कोंबडा शोधणारे लोक दारापर्यंत येतात. देवचाराच्या राखणेला बॉयलर चालत नाही, त्यामुळे या गिऱ्हाइकाशी भाव करावा लागत नाही.

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. पिसं फुलवून बसते, हात घातला की टोचते, अंड्यावरून उठवली तरी गरगर फिरून तिथेच येते. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की तिचं अंडं घालणं थांबतं आणि ऊब देणं सुरू होतं. अंड्यांसाठी निवडून निवडून वाढवलेल्या व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींत ही सवय जवळजवळ पुसली गेली आहे. गावठीत ती जशीच्या तशी आहे, आणि अंडी विकणाऱ्याला तिचा त्रास होतो.

वहिनींनाही व्हायचा. खुडूक झालेली कोंबडी त्या थंड पाण्यात बुडवायच्या, नाहीतर पायाला दोरी बांधून अंगणात ठेवायच्या. चार-पाच दिवसांत खुडूक मोडायची. (पाण्यात बुडवण्यापेक्षा खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दोन-तीन दिवस ठेवलेली बरी. कोंबडीचे हाल कमी आणि परिणाम तोच.) दोन वर्षांपूर्वी त्यांनी अंडी उबवायचं एक थर्माकोलचं मशीन जुनं म्हणून ६,५०० रुपयांना घेतलं. म्हणजे एका हाताने कोंबडीची खुडूक मोडायची आणि दुसऱ्या हाताने मशीनची वायर लावायची. हे विचित्र आहे, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

अडचण

मे महिन्याच्या अखेरीस मशीनमध्ये ८४ अंडी होती. एकोणिसाव्या दिवशी रात्री वळवाचा पाऊस आला, वीज गेली आणि सकाळपर्यंत आली नाही. साधारण नऊ तास. वहिनींनी मशीनवर गोधड्या टाकल्या, गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या, आणि काळजीपोटी झाकण तीनदा उघडून पाहिलं. शेवटची गोष्ट करायला नको होती. त्या दिवसांत पिल्लू स्वतःची थोडी ऊब धरतं, पण झाकण उघडलं की ऊबही जाते आणि ओलावाही. ओलावा गेला की अंड्याच्या आतला पडदा चिवट होतो आणि पिल्लू त्यात अडकतं.

८४ अंड्यांतून ११ पिल्लं बाहेर आली. पुढच्याच आठवड्यात बल्बाची ऊब पुन्हा दोन रात्री गेली, आणि चार उरली.

त्या सकाळी घरात सगळ्यांनी वीज आणि मशीन यांना दोष दिला. वहीतही मी तसंच लिहिलं: ‘वीज. ९ तास. सगळं गेलं.’ ते वाक्य अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं कळायला आणखी दोन-तीन आठवडे लागले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय इन्व्हर्टरचा. बॅटरीसकट वीस हजारांच्या आसपास. वर्षाला तीन-चार खेपा काढणाऱ्या घराला हा खर्च वसूल करायला किती वर्षं लागतील, हा हिशेब मी मांडला आणि वहिनींनी वही मिटली.

दुसरा, पिल्लं विकत आणायची. जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तिच्यामुळे श्रीनिधी, ग्रामप्रिया ही नावं गोव्यातल्या परसात पोचली आहेत. या कोंबड्या गावठीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देतात. पण आमच्या घराची कमाई कोंबड्यावर, आणि राखणेचं गिऱ्हाईक पिसं, तुरा, पाय पाहून घेतं. शिवाय या कोंबड्या रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसतील याचा भरवसा नाही, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा विकत आणणं आलं. अंड्यांवर चालणाऱ्या घराला मी हाच पर्याय सुचवीन. या घराला तो नीट बसत नव्हता.

तिसरा, खुडूक कोंबड्याच बसवायच्या. त्या आठवड्यात तीन कोंबड्या खुडूक होत्या: काळी, तांबडी आणि पिवळी. खर्च शून्य. अडचण एकच, पाऊस तोंडावर. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. आजीने स्पष्ट सांगितलं, पावसात काढलेली पिल्लं राहत नाहीत, दसऱ्यापर्यंत थांब. वहिनींना थांबायचं नव्हतं. मे गेला, पैसे गेले, आणि समोर तीन कोंबड्या बसायला तयार. मशीन चालवणाऱ्याला तारीख आपण ठरवायची सवय झालेली असते.

“कोंबडी आपल्या वेळार बसता गो, तुज्या वेळार न्हय,” आजी म्हणाली.

“आजी, वेळ झाली म्हणूनच बसल्यात ना त्या?” वहिनी म्हणाल्या.

दोघींचंही बरोबर होतं. बसायची वेळ कोंबडीची असते, पण पिल्लं वाढवायची वेळ हवामानाची. या दोन वेळा जुळतीलच असं नाही. हा मुद्दा त्या दिवशी नीट बोलला गेला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

पहिली खेप: जून

३ जूनला काळीखाली १२ अंडी, ६ जूनला तांबडीखाली ११ आणि पिवळीखाली १०. एकूण ३३. माझ्या आग्रहाखातर प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने घातल्याची तारीख लिहिली. कारण निव्वळ हिशेबाचं होतं. त्याचा उपयोग मात्र भलतीकडेच झाला.

टोपल्या तिन्ही एकाच पडवीत, एकमेकींना लागून. ही पहिली चूक, आणि ती चार दिवसांत दिसली. इतर कोंबड्या आपली अंडी याच टोपल्यांत घालून जाऊ लागल्या. काळीखाली बाराची चौदा झाली. तारखा होत्या म्हणून उपरी अंडी ओळखता आली, नाहीतर ती आत राहून निम्मी वाढली असती आणि कोंबडी पिल्लं घेऊन उठली की गार पडली असती. दुसरं, कोंबडी दिवसातून एकदा खायला, प्यायला, विष्ठा टाकायला उठते, पंधरा-वीस मिनिटं. एका सकाळी तांबडी परत येऊन पिवळीच्या टोपलीत बसली, पिवळी बाजूला भांडत राहिली आणि तांबडीची अंडी दुपारपर्यंत उघडी.

त्यानंतर प्रत्येकीवर स्वतंत्र डालगं आलं. सकाळी आठला एकीला सोडायचं, ती बसली की दुसरीला. वहिनींच्या दिवसातली चाळीस मिनिटं यात जायची. खुडूक कोंबडी ‘फुकटात’ उबवते असं म्हणणाऱ्यांनी ही चाळीस मिनिटं धरलेली नसतात.

सातव्या रात्री अंडी उजेडात पाहिली. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च, त्यावर पुठ्ठ्याची नळी, आणि नळीच्या तोंडावर अंड्याचं बोथट टोक. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका दिसला तर जिवंत. नुसता पिवळा उजेड आला तर फळ धरलेलंच नाही. रक्ताचं कडं दिसलं तर सुरुवात होऊन मेलेलं. ३३ पैकी ९ बाजूला निघाली: काळीची २, तांबडीची ३, पिवळीची ४.

या नऊपैकी सात अंड्यांवरच्या तारखा दहा दिवसांपेक्षा जुन्या होत्या.

वहिनी बराच वेळ त्या सात अंड्यांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “मशीनमध्ये घातली तेव्हा मी पंधरा दिवस गोळा करत होते.” स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या टोपलीत, मे महिन्यात. अंड्यातला जीव साधारण २०-२१ अंशांच्या वर हळूहळू जागा होऊ लागतो. ३२ अंशांच्या खोलीत तो ना धड वाढत, ना धड झोपत, आणि आठवडाभरात कमजोर होतो. फ्रिजमध्ये ठेवून उपयोग नाही, तिथे उलट गारठतो. ८४ अंड्यांतली निदान काही तरी वीज जाण्याआधीच संपलेली असणार. मशीनमधली अंडी आम्ही उजेडात पाहिलीच नव्हती, म्हणून किती ते कधीच कळणार नाही. वहीतल्या ‘वीज’ या शब्दापुढे मी तेव्हा ‘आणि टोपली’ असं लिहिलं.

सोळावा दिवस

२२ जूनच्या सकाळी पिवळी टोपलीतून उठून अंगणात दाणे टिपताना सापडली. अंडी हाताला गार. किती वेळ, कुणास ठाऊक. पिवळी पहिल्यांदाच बसलेली, अंगावर उवा, आणि तिच्या कोपऱ्यात भिंतीतून ओल झिरपत होती. यातलं नेमकं कारण कोणतं ते सांगता येत नाही, पण ती बसवण्याआधी तिच्या पिसांत एकदा बोटं फिरवली असती तर उवा तरी दिसल्या असत्या. रवणीवर बसलेली कोंबडी धुळीत फारशी अंघोळ करत नाही. उवांना याहून चांगली जागा नाही.

तिची सहा अंडी उजेडात पाहिली. आतली हालचाल मंद होती, पण होती. आता कुणाला द्यायची? तांबडीखाली आठ होती, तिला सहा दिली तर चौदा होतात. आमची तांबडी अंगाने बेताची, कडेची अंडी उघडी पडली असती. काळीखाली दहा होती, पण तिची अंडी तीन दिवसांनी पुढे. तिची पिल्लं २४ जूनला निघणार आणि पिवळीची २७ ला.

वहिनींनी तीन-तीन वाटली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चुकीचा निर्णय हाच, आणि तो अगदी न्याय्य वाटल्यामुळे कुणी अडवला नाही. पिल्लं निघाली की कोंबडी दोनेक दिवस थांबते. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लं तेवढा वेळ खाण्याशिवाय तगतात, म्हणूनच तिला थांबता येतं. त्यापुढे ती चालत्या पिल्लांची होते, मागे उरलेल्या अंड्यांची नाही. काळी २६ ला नऊ पिल्लं घेऊन उतरली. तिच्याखालची पिवळीची तीन अंडी संध्याकाळी तांबडीकडे नेली. त्यातलं एक फुटलं.

तांबडीखाली आणखी एक प्रसंग घडला. एका अंड्याला पिल्लाने चोचीने भोक पाडलं, आणि तासाभरात लाल मुंग्यांची रांग तिथे लागली. ते पिल्लू गेलं. त्यानंतर टोपली स्टुलावर आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या करवंट्यांत. आजीला हे आधीपासून माहीत होतं. “विचारलं कुणी?” ती म्हणाली. खरंच विचारलं नव्हतं.

शेवटची मोजणी: काळीची ९, तांबडीची स्वतःची ७, पिवळीची ३. एकूण १९. मशीनच्या अकरांपेक्षा बरी, आणि निम्म्याहून कमी अंड्यांत.

पिल्लं कुठे ठेवायची

उबवणीत आम्ही इतके गुंतलो होतो की पुढच्या आठ आठवड्यांचा विचार पिल्लं निघाल्यावर सुरू झाला. आणि खरी पडझड तिथेच झाली.

काळी अनुभवी. तिला चौथ्या दिवशी मोकळं सोडलं. ती पावसात अंगणात जायचीच नाही, पडवीच्या कडेने फिरायची. पडवीत भाताचं तूस पसरलेलं, ते रोज हलवलेलं. आभाळात घार दिसली की तिचा एक लांब सूर, आणि नऊच्या नऊ पिल्लं पंखाखाली. तरी दोन पिल्लं पाण्याच्या खोलगट भांड्यात बुडून मेली (त्यानंतर भांड्यात गोटे घातले, पाणी फटींतून प्यायचं), आणि एक कावळ्याने नेलं.

कावळ्याचं ते एक पिल्लू वहिनींच्या मनाला लागलं. तांबडी आणि तिची दहा पिल्लं त्यांनी खुराड्यात बंद केली. सुरक्षित. खुराड्याची जमीन मातीची, जुलैचा पाऊस, आणि तूस सकाळी घातलं की संध्याकाळपर्यंत ओलं. एक पिल्लू दुसऱ्याच आठवड्यात गेलं, कारण कळलं नाही. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं गोळा होऊन उभी राहू लागली, विष्ठेत रक्त. रक्ती हगवण. या रोगाच्या जंतूंना ओल आणि उष्णता मिळाली की एक-दोन दिवसांत विष्ठेतूनच ते लागण करायला तयार होतात, आणि बंद ओली जमीन यासाठी नेमकी लागते तशी. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाण्यातून द्यायला अँप्रोलियम दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, जमीन कोरडी आहे का? औषध सुरू होईपर्यंत सहा पिल्लं गेली.

आठ आठवड्यांनी काळीची ९ पैकी ६ आणि तांबडीची १० पैकी ३. उघड्यावर कावळा, घार, मुंगूस सगळे होते, आणि तिथे नुकसान कमी झालं. हे वहीत एका खाली एक लिहिलेलं पाहिलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, “म्हणजे मीच कोंडून मारली.” असं म्हणणं बरोबर नाही. कोंडणं चूक नव्हतं, ओल्या जमिनीवर कोंडणं चूक होतं. पण त्या संध्याकाळी हा फरक त्यांना पटवायला मी गेलो नाही.

दुसरी खेप: ऑक्टोबर

यावेळी आजीला विचारलं, आणि दसऱ्यापर्यंत थांबलो.

अंडी फक्त सात दिवसांची. ओल्या वाळूत अर्धं पुरलेलं मडकं, घराच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, आत सुकं कापड. अंडी निमुळतं टोक खाली करून उभी. फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी अंडी ताटात गेली.

पिवळीला यावेळी बसवायचं नाही हे ठरलेलं. काळी आधी खुडूक झाली, तांबडी पाच दिवसांनी. दोघींना एकाच दिवशी बसवायचं म्हणून काळीखाली बाजारातली चार अंडी ठेवली, कोळशाने फुली मारून. ती अंडी पोल्ट्रीतली, कोंबड्याशिवायची, त्यातून काही निघणार नाही. काळी त्यांवर पाच दिवस निष्ठेने बसली. पण ही युक्ती ताणू नये. कोंबडीचे एकवीस दिवस आधीच उपासासारखे असतात, त्यात भर पडली की ती वाळते. काळीला त्या काळात भात आणि मका अख्खा दिला, ओलं खाद्य बंद.

जागा बदलली. एक टोपली जुन्या गोठ्यात, एक माळ्याच्या जिन्याखाली, एकीला दुसरी दिसणार नाही अशी. हलवणं रात्री, अंधारात, हातात उचलून. दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागी परत जाते. टोपलीत तळाला कोरडी माती, मधे खोलगट, वर पेंढा आणि थोडा निगुडीचा पाला. दोघींच्या पिसांत आधी राख चोळली. दाराला अर्ध्या इंचाची जाळी, कारण इंचभराच्या जाळीतून लहान साप येतो. जुलैत एक धामण खुराड्याशी दिसली होती. तिला कुणी मारलं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं आजीला काही माहीत नाही, पण उंदीर खाणाऱ्याला मारत नाहीत हे माहीत आहे.

२४ ऑक्टोबरच्या रात्री काळीखाली १२, तांबडीखाली ११. आजीने दोन्ही टोपल्यांत एकेक लोखंडी खिळा आणि सुकी मिरची ठेवली. गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. ऑक्टोबरअखेर ढग गडगडलेही. अंडी बिघडली नाहीत. वहिनींच्या मते कारण मडकं, आजीच्या मते खिळा. वहीत दोन्ही लिहिलं आहे.

उजेडात पाहून दोनच अंडी निघाली. अठराव्या दिवसानंतर टोपलीत हात घालायचा नाही, असा नियम केला आणि तो सगळ्यांत जास्त मला जड गेला. १४ नोव्हेंबरला काळीची १०, तांबडीची ९. एकूण १९.

इथे एक प्रश्न आला. सगळी पिल्लं काळीकडे द्यावीत का? खुडूक कोंबडीकडे रात्री अंधारात दिलेली त्याच वयाची पिल्लं ती बहुधा आपली म्हणून घेते, आणि सकाळी तासभर लक्ष ठेवलं की टोचते का ते कळतं. तसं केलं असतं तर तांबडी मोकळी झाली असती आणि दोन महिन्यांऐवजी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर आली असती. पण पेडण्यात नोव्हेंबरच्या पहाटे गारवा असतो, आणि एकोणीस पिल्लं एका गावठी कोंबडीच्या पंखाखाली पहिले दोन आठवडे मावणं कठीण. आम्ही दोघींकडे आपापली ठेवली. पिल्लं पंधरा दिवसांची झाल्यावर एकत्र करता आली असती का? आजी नाही म्हणाली. तोवर कोंबडीला आपली पिल्लं ओळखता येतात आणि परक्याला ती चोच मारते.

पहिल्या खेपेला मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस राहिली होती. या लसीची, लासोटाची, कुपी निदान शंभर मात्रांची, कालवली की बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. एकोणीस पिल्लांसाठी उरलेली फेकायची म्हणून कुणी आणत नाही. वहिनींनी वाड्यातल्या चार घरांना एकच दिवस सांगितला, सातव्या दिवशी सगळ्यांच्या पिल्लांच्या डोळ्यांत एकेक थेंब. या प्रकरणातलं दुसऱ्यांनी उचलावं असं काही असेल तर मला हे वाटतं.

खायला पहिले पंधरा दिवस पिल्लांचं तयार खाद्य, मग तांदळाची कणी, नाचणी, आणि आजीची वाळवी: मडक्यात नारळाची सोडणं आणि शेण भरून ते ओल्या जागी उपडं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी उलटायचं. पिल्लं मडक्याचा आवाज ओळखायला शिकली होती.

निष्पत्ती

आठ आठवड्यांनी १६ जिवंत. एक शिकऱ्याने नेलं, एक कोंबडीच्या पायाखाली आलं, एक जन्मतः अशक्त होतं. तांबडीने सहाव्या आठवड्यात पिल्लांना चोच मारून दूर केलं, काळीने सातव्या.

मशीन: ८४ अंडी, उरली ४. जून: ३३ अंडी, उरली ९. ऑक्टोबर: २३ अंडी, उरली १६. ऑक्टोबरच्या खेपेचा रोख खर्च १० किलो खाद्याचे ४५० रुपये आणि लसीची वाटणी. सोळात सात कोंबडे दिसतात. ते विकायला एप्रिल-मे उजाडेल, म्हणून नफ्याचा आकडा अजून लिहिलेला नाही. काळी आणि तांबडी दोन-दोन महिने अंड्यावर नव्हत्या, हा खर्च धरायला हवा. पण त्या खुडूक होणारच होत्या, मोडल्या असत्या तरी आठवडा-दोन आठवडे गेलेच असते. म्हणून मी तो पूर्ण धरत नाही. वहिनी धरतात.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमध्ये तीनऐवजी एकट्या काळीला बसवलं असतं तर कोरडी पडवी पुरली असती. पावसाळ्यात किती कोंबड्या बसवायच्या हे खुडूक किती आहेत यावर न ठरवता कोरडी जमीन किती आहे यावर ठरवायला हवं होतं.

पिवळीची सहा अंडी वाटायला नको होती. तांबडीला चार देऊन दोन सोडून दिली असती तर बहुधा एखादं पिल्लू जास्त मिळालं असतं.

मशीनबद्दल मी अजून साशंक आहे. ताज्या अंड्यांनी आणि सातव्या रात्री उजेडात पाहून चालवलं असतं तर ते कसं चाललं असतं, हे आम्ही कधी पाहिलंच नाही. ज्यांच्याकडे वीज टिकते त्यांनी आमच्या ८४ अंड्यांवरून मशीनला नाव ठेवू नये.

सध्या

मशीनचं बाकी सामान माळ्यावर आहे. त्याची थर्माकोलची पेटी खाली आणली. मडक्याच्या जोडीला रवणीची अंडी आता त्यात ठेवतात, शेजारी ओलं फडकं घालून.

फेब्रुवारीत पिवळी पुन्हा खुडूक झाली. यावेळी अंगावर उवा नाहीत, आणि ती दुसऱ्यांदा बसणार आहे. आजी म्हणते, पहिल्या वेळी उठलेली दुसऱ्या वेळी बसते. वहिनींचा विश्वास नाही. तडजोड म्हणून तिच्याखाली फुली मारलेली बाजारातली चार अंडी ठेवली आहेत. पाच दिवस बसली तर खरी अंडी द्यायची. आज तिसरा दिवस, सकाळी आठला उठली होती, सव्वाआठला परत बसली.